नाल्याकाठची दहा फूट जमीन : वरच्या शिवारातील शेतकऱ्यांना पाणलोटाच्या कामात कसे सामील करून घ्यावे?

मार्कंडेयकाठ :

नमस्कार. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या गावाच्या शिवारातून एक नाला वाहतो आणि साधारण तीन किलोमीटरनंतर मार्कंडेय नदीला मिळतो. त्याला स्वतःचे नाव नाही. जुनी माणसे त्याला व्हाळ म्हणतात, बाकीचे नुसताच नाला म्हणतात. माझ्या लहानपणी संक्रांतीपर्यंत त्यात म्हशी डुंबत असत. आता तुळशीच्या लग्नापर्यंतच तो आटतो, आणि पावसाळ्यात मात्र दोन तासांची सर आली की तांबडेलाल पाणी घेऊन काठावरच्या भातात शिरतो. राकसकोप जलाशयातून शहराला पाणी देणारी हीच मार्कंडेय पुढे घटप्रभेला मिळते, म्हणजे आमच्या शिवारातील माती कुठवर जात असेल याचा अंदाज कोणीही करावा.

दोन वर्षांपूर्वी यंत्र लावून नाल्याचे खोलीकरण करण्यात आले. काढलेली सगळी माती काठावरच रचून ठेवली गेली. पहिल्याच आषाढात ती परत तळाशी गेली आणि दोन ठिकाणी काठ कोसळून एका शेतकऱ्याचा भाताचा अख्खा वाफा वाहून गेला. तेव्हापासून नाल्याचे नाव काढले की लोक आधी संशयाने पाहतात.

आमच्या मंडळाने या वर्षी हे काम नीट, अभ्यास करून हाती घ्यायचे ठरवले आहे. काठावर गवत आणि झाडांचा पट्टा राखावा, त्यासाठी प्रत्येकाने दहा फूट जागा नांगराविना सोडावी, असा आमचा विचार आहे. ही कल्पना चुकीची आहे असे एकही शेतकरी म्हणत नाही, पण दहा फूट सोडायलाही एकही तयार नाही. त्यातच काठावरील बऱ्याच जमिनींचे मालक बेळगावात किंवा पुण्यात राहतात आणि जमीन दुसराच कोणी वाट्याने कसतो. मला केवळ तंत्र विचारायचे नाही. अशा लोकांशी बोलायचे कसे, त्यांना काय द्यायचे आणि कामाचा क्रम कोणता ठेवायचा, याचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

तांबडी माती :

मी खानापूर तालुक्यातला. आपला हेतू चांगला आहे, परंतु सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते आहे असे मला वाटते. नाल्यात जे दिसते ते नाल्यात घडलेले नसते, ते वरच्या टेकडीवर आणि माळावर घडलेले असते. एक इंच पाऊस एका एकरावर पडला तर ते पाणी जवळजवळ एक लाख लिटर भरते. आपल्याकडे आषाढात एका दिवसात तीन-चार इंच पाऊस होणे नवीन नाही. वरच्या शंभर एकरांतून ते पाणी न थांबता धावत आले, तर खाली तुम्ही दहा फूट गवत ठेवा नाहीतर पन्नास फूट, ते टिकणार नाही.

तुमच्या पश्चिम भागात रताळ्याचे पीक मोठे आहे. चढावरच्या तांबड्या जमिनीत रताळ्याचे वरंबे उताराच्या दिशेने ओढण्याची सवय पुष्कळांना आहे, कारण बैलाला आणि माणसाला ते सोपे पडते आणि पाणी साचून कंद कुजेल ही भीतीही असते. पण दोन वरंब्यांमधली प्रत्येक सरी म्हणजे मग नाल्याकडे जाणारा एक पन्हाळ होतो. वरंबे उताराला आडवे, किंचित ढाळ देऊन काढले आणि टोकाला गवताळ चर ठेवला, तर पाणी साचतही नाही आणि माती घेऊन पळतही नाही. ज्याच्या शेतातून एका पावसाळ्यात अवघा एक मिलिमीटर मातीचा थर गेला, त्याची एकरी पाच टनांहून अधिक माती गेली. एवढे शेणखत विकत घेऊन टाकायचे म्हटले तर किती ट्रॉल्या लागतील, असे विचारून पाहा. शेतकऱ्याला नदी वाचवायला सांगितले तर तो मान डोलावतो आणि घरी जातो. त्याचे खत वाहून जाते आहे असे दाखवले तर तो थांबून ऐकतो.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बांधावर तणनाशक मारणे बंद करायला सांगा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मजुरी वाढली म्हणून बांध कापण्याऐवजी लोक फवारणी करू लागले. बांध आठ दिवसांत स्वच्छ दिसतो हे खरे, परंतु हरळी, पवना, मारवेल या गवतांची मुळे एकदा मेली की मेर, म्हणजे शेताचा बांध, नुसता मातीचा ढीग उरतो. मग खेकडा एक भोक पाडतो, रात्रीत ते भोक हातभर होते आणि सकाळी मेर फुटलेली असते. आमच्याकडे पूर्वी बांधाचे गवत कापून म्हशीला घालत असत. म्हशी विकल्या आणि मग तणनाशकाचा डबा आला, हा क्रमही ध्यानात घ्यावा.

ऊसवाला :

वरील दोन्ही लेखकांविषयी आदर ठेवून थोडा हिशेब मांडतो, कारण या चर्चेत जमीन कोणाची जाते हे फार लवकर विसरले जाते. माझ्या शेताला नाल्याचा काठ चारशे फूट आहे. दहा फूट सोडले तर चार हजार चौरस फूट, म्हणजे पावणेचार गुंठ्यांच्या जवळपास जागा गेली. गुंठ्याला एक टन ऊस हा आमच्याकडचा ठोकताळा आहे. टनाला तीन हजार रुपये धरले तरी दरवर्षी अकरा हजार रुपयांचे उत्पन्न मी सोडायचे, आणि त्यातून वाचणार खालच्याचे भात. खालचा शेतकरी मला त्यातले किती देणार आहे? सरकार किती देणार आहे? शहराला स्वच्छ पाणी हवे आहे तर शहर किती देणार आहे? हे प्रश्न मी अडवणूक म्हणून विचारत नाही. यांची उत्तरे दिल्याशिवाय दहा फूट मागणे म्हणजे एकट्याच्या खिशातून सर्वांसाठी वर्गणी काढणे आहे.

खालचे शिवार :

आम्ही बळ्ळारी नाल्याच्या काठचे, म्हणजे ज्यांच्या भाताचा वर उल्लेख झाला त्यांच्यासारखेच खालच्या अंगाचे शेतकरी. यळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर या शिवारांत बेळगाव बासमती पिकत असे आणि अजूनही थोडाफार पिकतो, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. आमचा नाला गाळाने आणि जलपर्णीने भरतो, जुलैच्या पावसात पाणी पात्र सोडून शेतात पसरते आणि चार-सहा दिवस हटत नाही. धूळवाफ पेरणी केलेले, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरलेले, कोवळे भात पाण्याखाली कुजले की पुन्हा रोप लावावे लागते, आणि तेही बुडाले तर त्या वर्षी जमीन तशीच राहते.

ऊसवाला यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की आम्ही पैसे देऊ शकणार नाही, परंतु हिशेब करायचा तर दोन्ही बाजूंनी करावा. जलपर्णी हवेवर वाढत नाही. शेतातून वाहून येणारा युरिया व मिश्रखते आणि शहराचे सांडपाणी या दोन्हींवर ती पोसते. त्यातला मोठा वाटा सांडपाण्याचा आहे हे मी मान्य करतो, आणि शहराचे सांडपाणी नाल्यात सोडून शेतकऱ्याला जलसंवर्धनाचे धडे देणे मलाही पटत नाही. पण उसाला पावसाच्या तोंडावर सरीत उघडा टाकलेला युरिया तुमच्याही पैशाचाच असतो. तो मातीआड करून दोन-तीन हप्त्यांत दिला तर आमच्याकडे कमी येईल आणि तुमच्याकडे जास्त राहील. एवढ्यासाठी एक फूटही सोडावा लागत नाही.

जुना मोजणीदार :

मी या जिल्ह्यात भूमापनाच्या कामात आयुष्य काढले, म्हणून एक मुद्दा मांडतो जो अजून कोणी काढलेला नाही. दहा फूट मागण्यापूर्वी नाला मुळात किती रुंद आहे ते पाहिले का? आपल्या उताऱ्यावर खराबाचे दोन प्रकार येतात. ‘अ’ खराब म्हणजे लागवडीला अयोग्य खडक-दगडाची जागा, आणि ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, नाला, स्मशान अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली जागा. १९६४ च्या कर्नाटक भूमहसूल कायद्याच्या ६७ व्या कलमानुसार नदी, नाले आणि त्यांचे पात्र ही सरकारची मालमत्ता आहे. पुष्कळ ठिकाणी जुन्या नकाशात तीस फूट दिसणारा नाला जागेवर बारा फूट उरलेला असतो. म्हणजे आपण जी दहा फूट विनंती करून मागत आहात, ती कदाचित कोणाचीच खासगी जमीन नसेल.

मात्र हे वाचून लगेच मोजणीचा अर्ज करायला धावू नये. गावात सुरुवातच अतिक्रमणाच्या वादाने झाली तर पुढची दहा वर्षे कोर्टात जातील आणि नाला तसाच राहील. असे मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे. नकाशाची प्रत काढावी, ती बैठकीत सर्वांसमोर ठेवावी आणि कोणाचेही नाव न घेता दोर धरून नाल्याची मूळ रुंदी दाखवावी. नकाशा पाहिल्यावर माणसे आपापसात जे बोलतात, ते आपण बोललो तर भांडण होते. बऱ्याचदा एखादा वडीलधारा आपणहून म्हणतो, की आमच्या वडिलांनी नांगराच्या दोन ओळी जास्त मारल्या होत्या खऱ्या. तेवढ्यासाठी थांबण्याचा धीर हवा.

मुक्काम पुणे :

काठावरच्या परगावी राहणाऱ्या मालकांचा उल्लेख झाला, त्यांतला मी एक आहे, म्हणून आमची अडचणही लिहितो. आमची दीड एकर जमीन दर वर्षी तोंडी बोलीवर कसायला दिली जाते. कागद करत नाही, कारण कर्नाटकात १९७४ साली कूळकायद्याची दुरुस्ती लागू झाली तेव्हा कसणाऱ्याच्या नावावर जमिनी कशा झाल्या, हे आमच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिले होते. शेतजमीन खंडाने देण्यास कायद्याने अजूनही मनाई आहे. त्यामुळे आम्ही दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतो. उद्या आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो बांधावर दगड कशाला रचील? त्याला दोष देण्यात अर्थ नाही, आणि आमची भीतीही अगदीच खोटी नाही.

आपल्यासारख्या मंडळाने मला पत्र पाठवले असते, की तुमच्या बांधाचे काम आम्ही करून घेतो, तुम्ही साहित्याचा खर्च द्या आणि कसणाऱ्याच्या वाट्यात तेवढ्यापुरती सूट द्या, तर मी आनंदाने होकार दिला असता. आजवर मला गावातून फक्त जत्रेच्या वर्गणीची पावती आली आहे.

मार्कंडेयकाठ :

मुक्काम पुणे यांचे वाक्य मनाला लागले आणि ते खरे आहे. परगावच्या मालकांना आम्ही अडचण म्हणून मोजत होतो; खर्चाला हात लावू शकणारे तेच आहेत हे ध्यानातच आले नव्हते. नकाशाची प्रत मिळवण्यासाठी उद्याच अर्ज देतो.

ऊसवाला यांना थेट विचारतो. पट्टा उसाएवढा नाही, पण काहीतरी उत्पन्न देणारा असेल, तर आपण किती सोडाल?

ऊसवाला :

थेट विचारलेत म्हणून थेट सांगतो. सहा फूट सोडीन, पण तीन अटींवर. पट्ट्यात वैरण असावी, म्हणजे हत्तीगवत किंवा तत्सम, आणि ती कापण्याचा हक्क माझा असावा. पट्ट्यातून कोणाचीही गुरे पाण्यावर जाणार नाहीत. त्यांच्यासाठी एकच पायवाट ठरवून तिथे दगड बसवावेत, कारण काठ पाण्याइतकाच खुरांनीही ढासळतो. आणि तिसरी अट ही, की माझ्या वरच्या शेतकऱ्याने त्याचे पाणी माझ्या बांधावर सोडणे थांबवावे. तो दर पावसाळ्यात फावड्याने वाट करून देतो, माझा बांध फुटतो आणि माझ्या शेतातून ते पाणी नाल्यात पडते तिथे आता पुरुषभर खोल घळ झाली आहे. काठ माझा पडतो म्हणून सगळे मला शहाणपण शिकवतात.

एक कबुली देतो. काठालगतच्या शेवटच्या दोन सऱ्यांचा ऊस दर वर्षी पाणी लागून पिवळा राहतो किंवा लोळतो. वर मी गुंठ्याला एक टन लिहिले, तो हिशेब त्या दोन सऱ्यांना लागू नाही.

पाणलोट सेवक :

मी निवृत्तीपूर्वी धारवाड जिल्ह्यात सुजला या पाणलोट विकासाच्या प्रकल्पावर काम केले आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००१ साली सुरू झालेला हा प्रकल्प पहिल्या टप्प्यात धारवाड, हावेरी, चित्रदुर्ग, तुमकूर आणि कोलार या पाच जिल्ह्यांत होता. त्यात तेव्हा बेळगाव नव्हते. त्यातून जे शिकलो त्यातले आपल्या उपयोगाचे तेवढे लिहितो.

ज्याच्या शेतात काम होते त्याने काही हिस्सा स्वतः भरावा, मग तो रोख असो वा श्रमाचा, असा नियम होता. आम्हाला सुरुवातीला तो गरिबावर अन्याय वाटला. पुढे अनुभव असा आला, की फुकट घातलेला बांध दुसऱ्या वर्षी नांगराखाली जात असे आणि दोन दिवस स्वतः खपून घातलेला बांध शेतकरी राखत असे. दुसरे, लहान ओघळीवरचे चार-पाच शेतकरी एवढाच गट करावा. अख्ख्या गावाची बैठक ठराव करते; ओघळीवरचे चौघे एकमेकांचे पाणी ओळखतात. ऊसवाला यांचा वरच्या शेजाऱ्याशी असलेला तंटा गावसभेत सुटणार नाही, पण त्या दोघांच्या मेरेवर उभे राहून, बांधाला दगडी सांडवा, म्हणजे जादा पाणी उतरण्याची वाट, कुठे ठेवायचा एवढाच प्रश्न घेतला तर सुटू शकेल. पाणी अडवायचे नाही, त्याला उतरायला पायरी द्यायची आहे, हे एकदा दोघांना पटले पाहिजे.

खोलीकरणाविषयीही सांगणे आवश्यक आहे. नाला एका ठिकाणी खोल केला की तिथून वरच्या बाजूला तळ आपोआप खचत जातो, आणि काठाच्या शेतांतील ओल त्या खोल पात्राकडे निथळते. आपला नाला तुळशीच्या लग्नालाच आटू लागण्याचे खोलीकरण हे एक कारण असू शकते. म्हणून प्रथम माथ्यावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर) व बांधबंदिस्ती, मग ओघळींत सुट्या दगडांचे लहान बांध, आणि नाल्यातले काम सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये. पाऊस थांबून धार बारीक झाली की रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांचा वनराई बंधारा घालता येतो. तो स्वस्त आहे आणि त्यात मुलेसुद्धा हौसेने येतात. मात्र ती पोती प्लॅस्टिकची असतात, उन्हाने त्यांचा भुगा होतो, म्हणून वैशाखात ती काढून आणण्याची जबाबदारी आधीच कोणावर तरी टाकावी. हे काम करायला, बंधारा घालताना छायाचित्रासाठी उभे राहिलेल्यांपैकी कोणीही येत नाही.

सल्ल्यासाठी धारवाडची वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था, बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप्प येथील कृषी विज्ञान केंद्र आणि आपल्या होबळीचे (तालुक्याच्या उपविभागाचे) रयत संपर्क केंद्र, म्हणजे कृषी खात्याचे कार्यालय, यांच्याकडे जावे. शेतावरची आणि ओघळीवरची कामे ग्रामपंचायतीच्या वार्षिक कृती आराखड्यात आधी घातलेली असतील तरच निधी मिळतो, तेव्हा पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे सर्व्हे क्रमांकांसह लेखी यादी द्यावी. आराखडा व फलक कन्नडमध्ये असतात. तिथे पाणलोटाला ‘जलानयन’ म्हणतात. त्या कागदाचा मराठी गोषवारा करून गावात वाचून दाखवला तर निम्मे गैरसमज तिथेच संपतात.

तांबडी माती :

पट्ट्यात काय लावावे याविषयी थोडे लिहितो. ऊसवाला यांची वैरणीची अट रास्त आहे, पण हत्तीगवत अगदी कडेला लावू नये. त्याची मुळे माती धरतात तरी पात्राच्या ओठावर पुराचा मारा त्याला सोसत नाही. ओठावर वाळा लावावा. त्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि जुने पाते राठ असल्याने गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. चामराजनगर जिल्ह्यातील गुंडलुपेटकडे शेताच्या हद्दीवर वाळा लावण्याची जुनी चाल आहे. वीतभर अंतरापेक्षा विरळ लावला तर मधून पाणी वाट काढते, म्हणून ठोंब जवळजवळ हवेत. त्याच्या मागे हत्तीगवत, आणि जिथे काठ आधीच कोसळला आहे तिथे वाळुंज, करंज, उंबर, निर्गुंडी. यांतले एकही विकत आणण्याची गरज नाही. आपल्याच नदीकाठावर फांद्या आणि बिया मिळतात.

मार्कंडेयकाठ :

काल संध्याकाळी ऊसवाला यांच्यासारखाच प्रश्न असलेल्या आमच्या गावातील दोघा शेजाऱ्यांना मेरेवर उभे केले. पहिला अर्धा तास जुन्या तक्रारी निघाल्या, त्यात एका बैलाची आणि एका लग्नाचीही होती. नंतर धाकट्याने स्वतःच फावडे मारून सांडव्याची जागा दाखवली. दगड त्याच्या शेतातले, मजुरी दोघांची निम्मी, एवढे ठरले आहे. वरच्या ओघळीवरचे आणखी दोघे पाहायला आले होते. ते काही बोलले नाहीत, पण लवकर गेलेही नाहीत. भात कापणी आणि मळणी उरकली की मार्गशीर्षात या चार शेतांपासून सुरुवात करतो. नाल्याच्या काठाला या वर्षी हात लावणार नाही.

एक शंका राहिली आहे. मुक्काम पुणे यांच्यासारखे आमच्या गावचे एक मालक काठावर बांबू लावायला तयार आहेत आणि रोपांचा खर्चही देतो म्हणतात. बांबू चालेल का, आणि कोणता?

तांबडी माती :

चालेल. काटेरी कळक नको. त्याचे बेट पसरले की पुरात वाहून आलेला पालापाचोळा त्यात अडकतो आणि पाणी दुसऱ्या काठावर जाते. माणगा घ्या. त्याला काटे नसतात, काठी भरीव असते आणि विकलीही जाते. पात्राच्या ओठापासून पाच-सहा फूट आत लावा, नाहीतर बेट जड झाल्यावर काठासकट आडवे होईल. आमच्याकडे दोन बेटे आहेत, कंद हवे असतील तर मिरगाच्या पहिल्या पावसानंतर गाडी घेऊन या. त्याआधी खणलेले कंद जगत नाहीत.